'नुसती पोरं राखतात' म्हणे! आफ्रिकेतल्या गावच्या बालवाड्यांबद्दल

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. आफ्रिकेतल्या खेड्यांत गावकरीच चालवतात त्या बालवाड्या म्हणजे नुसती पोरं राखणं, परदेशी पैसा जिरवायची सोय, शिकवणाऱ्या बायका जेमतेम शिकलेल्या, त्यापेक्षा तो पैसा प्राथमिक शाळांना द्या. वाचून फार वाईट वाटलं, कारण यातलं बरंचसं तपासून झालंय.

'नुसती पोरं राखतात': मोझांबिकच्या गाझा प्रांतात २००८ मध्ये सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेने ३० गावांत बालवाड्या सुरू केल्या, गावं सोडतीने निवडलेली म्हणून बाकीच्या गावांशी तुलना नीट करता आली. दोन वर्षांनी बघितलं तर बालवाडीत गेलेल्या मुलांचं प्राथमिक शाळेत नाव असण्याचं प्रमाण न गेलेल्यांपेक्षा २४ पर्सेंटेज पॉइंटने जास्त, म्हणजे शंभरात २४ मुलं जास्त!

'पैसा प्राथमिक शाळांना द्या': अहो पण शाळेत पोरं आली तर ना? धाकट्याला सांभाळायला मोठी बहीण घरी राहते हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको, तिथेही तेच, आणि धाकटं बालवाडीत जायला लागलं की १० ते १४ वर्षांची भावंडंही जास्त प्रमाणात शाळेत दिसली, घरच्या मोठ्यांचं कामावर जाणं वाढलं ते वेगळंच. म्हणजे बालवाडीमुळे धाकट्याबरोबर मोठी भावंडंही शाळेकडे वळली, हे त्या मेसेजवाल्याच्या हिशोबात कुठेच नाही.

'पैसा जिरवणं': मोझांबिकच्या या बालवाड्यांचा खर्च पोरामागे महिन्याला अडीच डॉलरपेक्षा कमी होता. मेहनत गावाची, बालवाडी चालवायला कमिटी गावाची.

शिकवणाऱ्यांचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. मलावीत अशा केंद्रांमधल्या बायका बहुतेक बिनपगारी, सकाळी मुलांना मका-सोयाची लापशी करून घालायची, शिकवायचंही त्यांनीच. तिथे जवळपास २०० केंद्रांवर प्रयोग झाला, शिक्षिकांना ट्रेनिंग आणि सोबत आईबापांचेही वर्ग, हे दोन्ही जिथे झालं तिथे दीड वर्षाने मुलं भाषेत आणि चारचौघांत मिसळण्यात पुढे होती, पण तीन वर्षांनी तो फरक उरला नाही. शिवाय मोझांबिकमध्ये मुलांची खुंटलेली उंची बालवाडीने सुधारली नाही, हेही खरं. पण म्हणून बालवाड्या बंद करायच्या? त्या बायकांना आधी पगार द्या, ट्रेनिंग एकदा देऊन सोडू नका, दरवर्षी द्या, आणि पोषणासाठी वेगळे पैसे काढा.