खुलासा : मंगोलियातली जनावरं कोरोनानं मेलेली नाहीत

‘कोरोनाच्या साथीत मंगोलियातल्या मेंढपाळांची लाखो जनावरं दगावली’ असा मजकूर बर्फात पडलेल्या मेंढ्यांच्या फोटोसह फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

२०२३-२४ च्या हिवाळ्यात तिथं ७० लाखांहून जास्त जनावरं गेली, हे खरं. पण कारण ‘झुद’ होतं, म्हणजे जनावरांचा बळी घेणारा तिथला जीवघेणा हिवाळा. कधी बर्फाचे ढीग साचतात, तर कधी बर्फ जरा वितळून पुन्हा गोठतं आणि गवतावर काचेसारखा कडक थर बसतो. मेंढीच्या खुरानं तो फुटत नाही. चारा पायाखाली असतो आणि जनावर उपाशी मरतं.

साथीनं घाव घातला तो बाजारावर. शेळ्यांची मऊ लोकर, म्हणजे कॅशमिअर, वसंतात विंचरून काढतात. वर्षाची रोकड आणि बँकेचे हप्ते बऱ्याच घरांत त्यावरच निघतात. माल मुख्यतः चीनला जातो. २०२० मध्ये सीमा बंद झाली, भाव कोसळले. कळप शाबूत, हातात पैसा नाही, अशी गत झाली.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण झुदच्या संकटात चारा लागतो, बाजाराच्या संकटात कर्जात सवलत. मंगोलियाच्याच पुढाकारानं संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केलं आहे. या वर्षाच्या निमित्तानं तरी असा मजकूर पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर त्याखाली ‘झुद’ हे खरं कारण लिहा.