वायू तेवढाच नसतो: ओल्या कचऱ्यावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की कचरा घरी कुजला काय नि डंपिंग ग्राउंडवर कुजला काय, वायू तेवढाच सुटतो. शिवाय कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) टाकूनही तुमच्या कंपोस्टच्या डब्याला आठवड्यात कुजक्या अंड्यांचा वास सुटला, अळ्या पडल्या, म्हणून कंपोस्ट हे नुसतं मनाचं समाधान. दोन्हीकडे खरा प्रश्न हवेचा आहे.

हवा खेळत असेल तर कचऱ्यातल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. झाडाने तो हवेतूनच घेतलेला असतो. ढिगाऱ्याखाली हवा तुटली, की त्याच कार्बनचा मोठा हिस्सा मिथेन होऊन निघतो. एक किलो मिथेन १०० वर्षांच्या हिशेबाने सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो, २० वर्षांच्या हिशेबाने ८० च्या आसपास. काही ठिकाणी मिथेन ओढून घ्यायला नळ्या बसवतात, पण अन्न लवकर कुजतं आणि नळ्या बऱ्याचदा उशिरा येतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०२३ च्या अंदाजानुसार तिथल्या शहरी कचऱ्याच्या भरावांतून निसटणाऱ्या मिथेनपैकी ५८ टक्के अन्नकचऱ्यातून येतो.

कुजक्या अंड्यांचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. तो आला म्हणजे डब्याचा तळ गुदमरला. अशा डब्यातून मिथेनही सुटतो, तेवढ्यापुरता तुमचा आक्षेप रास्त आहे. ओल्या कचऱ्यात ७०-८० टक्के पाणी असतं, जिवाणूंना ५०-६० टक्के पुरतं. कोकोपीट जादा पाणी शोषतं, पण बारीक असल्याने दबून बसतं आणि पोकळी उरत नाही. निम्मं कोकोपीट काढून त्याजागी वाळका पाला, फाडलेला पुठ्ठा, बारीक काटक्या घाला.

एक भांडं ओलं तर दोन ते तीन भांडी कोरडं; हे माप आकारमानाचं, वजनाचं नव्हे. तुकडे तीन-चार सेंटिमीटरचे पुरेत. मिक्सरमधून काढू नका, लगदा झाला की हवा अडते. तळाला आणि बाजूंना भोकं हवीत, डबा विटांवर ठेवा. आठवड्यातून दोनदा अगदी तळापासून उकरा. बहुतेक जण वरवर ढवळतात आणि वास येतो तो तळातून! मिश्रण मुठीत दाबून एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर आणखी कोरडं घाला. वास नाकात झोंबणारा, अमोनियाचा असेल तर नायट्रोजन जास्त झालाय. त्यालाही वाळका पालाच लागतो.

अळ्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय या काळ्या माशीच्या असतील. त्या कचरा खाऊन संपवतात, नुकसान करत नाहीत. नको असतील तर ताज्या कचऱ्यावर दोन इंच कोरडा थर कायम ठेवा.

लहान डबा मोठ्या ढिगासारखा ५५ अंशांपर्यंत तापत नाही. त्याला साधारण एक घनमीटर ढीग लागतो. म्हणून डब्यातलं खत व्हायला दोन-तीन महिने लागतात, आणि मांस किंवा पाळीव प्राण्यांची विष्ठा त्यात घालू नये, कारण रोगजंतू मरतील इतकी उष्णता तिथे होत नाही.

आत्ताचा डबा फेकू नका. सगळं कागदावर उपसा, सावलीत तासभर पसरा, तळाचं काळं पाणी वेगळं काढा. मग तळाला चार इंच काटक्या-पाला, त्यावर जुनं मिश्रण दुप्पट कोरड्यात कालवून भरा. चार-पाच दिवस नवा कचरा घालू नका, रोज उकरा. वास गेला की पुन्हा सुरू करा.