कोंबडा आरवला

फ्रिजमध्ये अजून अर्धा दुधी शिल्लक आहे. ६४१ रुपयांचा दुधी. कोफ्ते झाले, थालीपिठं झाली, काल हलवा झाला. मुलगी आता जेवणाआधीची प्रार्थना मुद्दाम लांबवते.

मागच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण होता. समोर ऊस, ज्वारीची कणसं, नारळ, अंडी आणि पाय बांधलेला एक गावरान कोंबडा. उपासना संपली की या सगळ्याचा लिलाव. माझे आजोबा नेवाशाकडचे, ते म्हणे बैलगाडीतून ज्वारीचं पोतं आणून वाहायचे. मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझं पीक १ तारखेला येतं आणि ५ तारखेला हप्त्यांची टोळधाड ते फस्त करते. म्हणून शनिवारी रात्री मॉलमधून दुधी आणला आणि सकाळी गडबडीत तसाच नेऊन ठेवला.

लिलाव पुकारणारे मामा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत. मंडळी म्हणजे त्यांची भरलेली नगर-पुणे गाडी. बोली वाढवणाऱ्याला "पुढं सरका, पुढं सरका!", मध्येच गप्प बसणाऱ्याला "का ओ, सुप्यालाच उतरले?" उरलेले पैसे मागितले तर आढ्याकडे बोट दाखवून, "सुट्टे वर मिळतील."

मामांनी दुधी उचलला, फिरवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि शास्त्रपाठाच्या सुरात वाचायला लागले. "वजन एक किलो दोनशे. किंमत अडतीस रुपये पन्नास पैसे. पॅक केल्याची तारीख, काल." मंडळी हसली. "कुणाच्या मळ्यातला ओ हा? बारकोड बी उगवाया लागले का आता?"

मी गीतांच्या पुस्तकाची अनुक्रमणिका वाचायला घेतली. शेजारच्या काकांनी विचारलं, "तुमचा का हो?"

"छे छे."

मागच्या बाकावरून तरुण संघातला एक पोरगा वाकला. "अंकल, काल मॉलमध्ये तुम्हीच होतात ना?"

"मी? नाही रे."

तेवढ्यात मामाच समोर येऊन उभे. दुधी माझ्या नाकापुढे धरून म्हणाले, "भाऊ, ह्याला वळखता का?"

"नाही, मामा."

आणि कोंबडा आरवला.

शपथ वाहू नये असं शास्त्र सांगतं, नाहीतर वाहिली असती. दुसरीकडे कुठे हे घडलं असतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. इथे एकूण एक माणूस संडे स्कूलमधून गेलेला. येशूला मी ओळखत नाही असं त्याचा शिष्य पेत्र तीनदा म्हणाला आणि कोंबडा आरवला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ. पाळकसाहेबांनी रुमालात तोंड खुपसलं. बायकांच्या बाजूला बसलेली माझी बायको एकदम छताचे पंखे मोजायला लागली. पेत्राला निदान बाहेर जाऊन रडता तरी आलं. मला दुधी विकत घ्यावा लागला. तोही सुखासुखी नाही, मागच्या पोरांनी गंमत म्हणून बोली चढवत नेली.

ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि आम्हाला अभंग देऊन गेले. त्यांचं भजन टाळ-मृदंगावर सुरू झालं की माझे डोळे खरंच भरून येतात, त्या दिवशीही आले होते. अर्ध्या तासाने तोच मी साडेअडतीस रुपयांसाठी तीनदा खोटं बोललो.

पण मी एकटाच का? त्या दिवशी उपदेश होता गरीब विधवेच्या दोन टोल्यांवर, म्हणजे येशूने श्रीमंतांच्या दानापेक्षा मोठ्या मानलेल्या दोन बारक्या नाण्यांवर. आमेन तर असं की भिंती हादरल्या. मग लिलावात एका बड्या असामीच्या नारळाला पाच हजार, माईकवरून नाव, वर टाळ्या. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात. आमच्याकडे डाव्याला नाही कळत, माईकला कळतं. शेवटी एका आजींची मेथी निघाली, परसातली, स्वच्छ धुतलेली, केळीच्या सोपटाने बांधलेली. मामांनी दोनदा पुकारलं. लोक मोबाईल बघत होते, कुणी चपला शोधत होतं. वीस रुपये, एकच बोली. आजी पुढच्याच बाकावर होत्या. मी तरी कुठे तोंड उघडलं? माझे पैसे दुधीत अडकले होते.

आज मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी आली. माझ्या नावापुढे "दुधी (मॉल), ६४१, येणे बाकी". खाली त्या पोराने कोंबड्याचं चित्र टाकलंय. मेथी दोनदा शोधली. ती "किरकोळ"मध्ये धरलीय.

आत्ताच मामांचा फोन येऊन गेला. "सलाम, भाऊ. रविवारी येताना वरचा एक रुपया सुट्टा आणा."