‘विधेयक मांडले’ म्हणे!

आमच्या खासदारांचा फ्लेक्स पुन्हा चौकात लागलाय: ‘संसदेत ऐतिहासिक विधेयक मांडले!’ अहो, मांडलं म्हणजे झालं का? मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं ते खासगी विधेयक. अशा विधेयकांना लोकसभेत वेळ किती, तर शुक्रवारचे शेवटचे अडीच तास. तेव्हा अर्धे खासदार बॅगा उचलून विमानतळाच्या वाटेवर. त्यात गोंधळ होऊन सभागृह तहकूब झालं, की तो शुक्रवारही गेला. स्वातंत्र्यापासून आजवर अशी उणीपुरी १४ विधेयकं दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये! माझा जन्मही झाला नव्हता हो तेव्हा. लोकसभा विसर्जित झाली की तिथली पडून राहिलेली सगळी बाद. फ्लेक्स मात्र हटत नाही. एक कोपरा सुटून रिक्षा स्टँडवर फडफडतोय. खाली अभिनंदन करणाऱ्यांचे २२ चेहरे. मोजले मी, सिग्नल लाल होता.