पुस्तकाआधी औषधाची बाटली

मोठ्या वयात परदेशी गेलेल्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या स्वयंसेवकांवरचा हा लेख वाचला आणि माझी मावसबहीण डोळ्यांसमोर आली. ती डिचोलीची, मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. पोर्तुगीज पासपोर्टवर कुटुंब इंग्लंडात स्विंडनला गेलं. तिथे आपले गोंयकार पुष्कळ, ती कामाला होती त्या गोदामातही सगळ्या कोकणी बोलणाऱ्या, त्यामुळे तीन वर्षं तिचं कुठे अडलंच नाही. अडलं ते मुलाला ताप आला त्या रात्री. औषधाच्या बाटलीवरचं 'ट्वाइस अ डे', म्हणजे दिवसातून दोनदा, तिला वाचता येईना. फोनवर रडत होती.

ईसॉलचे, म्हणजे इतर भाषा बोलणाऱ्यांसाठी इंग्रजीचे, वर्ग होते, पण वेळ ठरलेली आणि हिची कामाची पाळी दर आठवड्याला बदलणारी. लेखात ही अडचण यायला हवी होती. शेवटी लायब्ररीत एक निवृत्त बाई आठवड्याला तासभर शिकवू लागल्या, तेही हिच्या सवडीने. त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि घरातले न कळणारे कागद आणायला सांगितले. विजेचं बिल, शाळेची चिठ्ठी आणि तीच बाटली. आता डॉक्टरची वेळ ती स्वतः फोन करून घेते!

30 मे 2025 ला गोवा पूर्ण साक्षर जाहीर झाला. 'उल्लास' या प्रौढ साक्षरता योजनेच्या स्वयंसेवकांचे कष्ट त्यामागे आहेत. पण परदेशी निघालेल्या आपल्या बायकांना जायच्या आधीच असं कामापुरतं इंग्रजी कोणी शिकवलं तर? मी निवृत्त शिक्षिका आहे. म्हापशात कोणी खोली दिली तर रविवारची सकाळ माझी.