विज्ञानाचं कपाट कायमचं बंद कसं ठेवावं

परवा दहावीतल्या एका पोराच्या हातात ॲमीटर (वीजधारा मोजायचं यंत्र), सेल आणि तार दिली. त्यानं ॲमीटर थेट सेलच्या दोन टोकांना लावला. काटा खाडकन शेवटाला! जर्नलमध्ये मात्र ओहमचा प्रयोग पूर्ण, खाली लाल सही, अंतर्गत गुण वीसपैकी वीस. एवढं यश फुकट मिळत नाही. बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या ज्या शाळांना ते अजून साधलं नसेल, त्यांच्या सरांसाठी थोड्या युक्त्या.

खानापूरकडच्या पावसाचा फायदा घ्या. जूनमध्ये सूक्ष्मदर्शक पेटीत बंद करा, ओल शोषणारं सिलिका जेल चुकूनही ठेवू नका. दिवाळीपर्यंत भिंगावर बुरशी चढते. मग पर्णरंध्रं दिसत नाहीत, ही तक्रार खरीच.

मॅग्नेशियमची फीत पॉलिश पेपरनं घासू नका. वरचा थर तसाच राहिला की धड पेटत नाही, आणि माल जुना म्हणून सांगता येतं.

आम्ल विरल करणं तोंडीच उरका.

ओहमच्या नियमाला मात्र खरं कसब लागतं. पुस्तकात अर्धा मीटर नायक्रोमची तार आणि दीड व्होल्टचे चार सेल सांगितलेत. तुम्ही कोष्टकच फळ्यावर लिहून द्या: 1.5, 3, 4.5, 6 व्होल्ट, 0.3, 0.6, 0.9, 1.2 ॲम्पिअर; व्होल्ट भागिले ॲम्पिअर, म्हणजे तारेचा रोध, दरवेळी 5. काय देखणं! खरी जोडणी केली की भानगडी सुरू. वापरलेला सेल 1.3 दाखवतो. तारेचं टोक खरवडलं नाही तर काटा हलत नाही. प्लग-की, म्हणजे स्विच, चालूच ठेवली तर तार तापते, सेल उतरतात, आकडे सरकतात. भागाकार 4.8 येतो, 5.1 येतो, आणि पोरं विचारतात, असं का? हा ‘का’च नको ना आपल्याला! ॲमीटरचा रोध जवळजवळ शून्य, तो समांतर लावला की धारा त्यातूनच धावते आणि आतली कॉइल जळू शकते, म्हणून तो एकसरीत, तारेच्या वाटेतच लावायचा. सरांसमोर एकदा काटा आपटताना पाहिला की पोर हे जन्मात विसरत नाही. तेवढं एकदा तरी दाखवायला काय होतं हो?

कुणी विचारलंच तर कोरोना सांगा. 2020 मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा हे पोर चौथीत होतं. चौथीत तुम्ही ॲमीटर जोडायला शिकवत होता काय? 2022-23 चं अख्खं वर्ष ‘कलिका चेतरिके’ या कर्नाटक सरकारच्या कार्यक्रमात राहिलेलं भरून काढायला मिळालं. कागद भरले. कपाट उघडलं नाही.

मराठी शाळांकडे सरकारचं लक्ष नाही, कबूल. पण ॲमीटरला मराठी येत नाही आणि कन्नडही येत नाही. चार सेल आणि हातभर तार आणायला कुठला सीमाप्रश्न आडवा येतो? पोरांकडून खोटे आकडे लिहून घेता आणि त्याखाली सही करता, लाज वाटू द्या जरा. उद्या पहिल्या तासाला ते कपाट उघडा. किल्ली सापडत नसेल तर कुलूप तोडा.