चपलेत निघाला पुठ्ठा

काल रात्री कोल्हापूरच्या गंगावेशीत दुधाचे पेले हातात आणि मधे कट्ट्यावर एक चप्पल. माझ्या पुण्याच्या बहिणीनं ऑनलाइन मागवलेली, 'अस्सल कोल्हापुरी'. महिन्याभरात तळ उकलला. दिल्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. त्यानं अंगठ्यानं तळ उचकटला: वर रेक्झिन, आत पुठ्ठा, कडेला सोल्युशनचा पिवळा ओघळ.

"वादीची शिवण कुठाय ह्यात? बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं चामडं असतंय आपलं. 2019 ला जीआय, म्हणजे हितल्या मालाचं नाव राखणारी सरकारी नोंद, मिळालाय, आणि हे पुठ्ठ्याला आमचं नाव लावालेत!"

संत्या म्हणाला, "पापाच्या तिकटीला एवढी चप्पल लाइन असताना ऑनलाइन घ्यायचीच कशाला?" मला रागच आला. फसवलं एकानं आणि बोलणी बहिणीनं खायची?

विन्याचं म्हणणं वेगळं. "अ‍ॅपवाला नुसता बाजार भरवतोय. वांगं किडकं निघालं तर मंडईच्या मालकाला धरतोस व्हय?"

मी म्हटलं, "मंडईत वांगी विकणारी समोर बसलेली असती. हितं कोण बसलाय, दाखव." अ‍ॅप उघडलं. विक्रेत्याचं नाव म्हणजे इंग्रजी तीन अक्षरं, पत्ता नाहीच. पैसे अ‍ॅपनं घेतले, आणि तक्रार केल्यावर 'परतीची मुदत संपली' हे उत्तरही अ‍ॅपनंच दिलं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवणं अ‍ॅपचं काम आहे. तक्रारीची पोच 48 तासांत, निवारण महिन्यात. आणि जाहिरातीत एक, डब्यात दुसरंच निघालं तर माल परत घ्यायला विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही.

"कागदावर सगळं असतंय. पाचशे रुपयांसाठी कोर्टात कोण जातंय?" संत्या.

मी सांगितलं, आधी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरला फोन, ते फुकट. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनीच्या गावाला हेलपाटे नाहीत. बहिणीनं पुण्यातच करायची.

विन्या हटेना. "असलं कडक केलं तर बारक्या विक्रेत्यानं जायचं कुठं?"

दिल्या इतका वेळ गप्प होता. "मीबी त्याच अ‍ॅपवर विकतोय की. नाव, पत्ता, नंबर, सगळं घातलंय. माझी जोडी 1200 ला, ही 499 ला. गिऱ्हाईक माझ्याकडं कसं येणार? बारका मीच हाय, विन्या."

त्यावर विन्या काही बोलला नाही. दिल्यानं पुठ्ठा दिसेल असा तळ धरला, संत्यानं मोबाईलची बॅटरी लावली आणि मी चारी बाजूंनी फोटो काढले.